छडीमुक्त केंद्र : प्रकल्प नोंदी, शैक्षणिक वर्ष २०२४–२५

१५ जून २०२४

शाळा आज उघडल्या. क्षेत्र: पालघर जिल्ह्यातील एक केंद्र (केंद्र म्हणजे केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालचा जवळच्या शाळांचा गट). काम: या शाळांतला मुलांना होणारा मार आणि अपमान थांबवणे. जिल्हा परिषदेच्या सात शाळा, पटावर साधारण ४२० मुले. पाच शाळा द्विशिक्षकी, दोन सातवीपर्यंतच्या. द्विशिक्षकी म्हणजे एका खोलीत दोन-तीन इयत्ता आणि एक शिक्षक. पुढच्या जवळपास प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी ही गोष्ट येणार आहे, म्हणून ती सर्वांत आधी लिहिली.

आधार: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही, मानसिक छळही करता येणार नाही. केल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांच्या अभ्यासात (महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते) शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शाळेत शिक्षा झाल्याचे सांगितले होते.

शिक्षा कशाला म्हणायचे याची यादी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांवरून घेतली. तीन गट: शारीरिक शिक्षा, मानसिक छळ, भेदभाव. छडी, पट्टी, चापट, चिमटा, कान पिरगाळणे, डस्टर फेकून मारणे हे तर आहेच. अंगठे धरायला लावणे, कोंबडा करणे, उठाबशा, गुडघ्यांवर बसवणे, बाकावर उभे करणे, खोलीत कोंडणे हेही त्याच यादीत. टोपणनाव पाडणे, घरच्या परिस्थितीवरून बोलणे, जातीवरून किंवा घरच्या बोलीवरून हिणवणे हेही. वर्गप्रमुखाच्या हातात पट्टी देऊन त्याच्याकडून मारवणे आम्ही शिक्षकाच्या खात्यावरच मोजणार.

नवी समिती काढायची नाही, असे ठरले. गावात शाळा व्यवस्थापन समिती आहे, शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) आहे, ग्राम बाल संरक्षण समिती आहे (अध्यक्ष सरपंच, सदस्य सचिव अंगणवाडी सेविका). तिन्ही कागदावर जिवंत आहेत. आणखी एक समिती म्हणजे आणखी एक सहीचे रजिस्टर. काम ग्राम बाल संरक्षण समितीकडे ठेवायचे, कारण तिची सचिव शाळेची नोकर नाही आणि रोज गावातच असते.

२२ जून

मुलांकडून माहिती कशी घ्यायची याचा नमुना तयार झाला. ए-फोर कागदाचा चौथा भाग, त्यावर आठ चित्रे: छडी, चापट, कान ओढणे, अंगठे धरणे, बाकावर उभे, वर्गाबाहेर उभे, सगळ्यांसमोर हसणे, शिवी. प्रत्येक चित्राखाली एक चौकोन. मुलाने फक्त फुली मारायची, लिहायचे काही नाही.

लेखन टाळण्याचे कारण असे: पंधरा-वीस मुलांच्या वर्गात शिक्षक प्रत्येकाचे अक्षर ओळखतो. चिठ्ठीवर नाव नसले तरी अक्षर हेच नाव. फुलीला अक्षर नसते.

प्रश्न "कधी मारले का" असा विचारायचा नाही. त्याला सगळी मुले "हो" म्हणतात आणि वर्षअखेरीस तुलना करायला काही उरत नाही. प्रश्न: "मागच्या सोमवारपासून आजपर्यंत". पहिली-दुसरीला आठवड्याचा अंदाज नसतो. त्यांना "काल आणि आज" एवढेच.

पालकांची संमती आधी, मग मुलाला विचारायचे, आणि "नको" म्हणणाऱ्या मुलाला कोरी चिठ्ठी टाकता येईल.

६ जुलै

सातही शाळांत पहिली फेरी पूर्ण. काय बिघडले ते पुढच्या फेरीसाठी:

शिक्षक दाराशी उभे राहिले की फुल्या कमी होतात. शिक्षकांना त्या वेळी अंगणवाडीत पोषण आहाराच्या नोंदी बघायला पाठवले की ते आपोआप सुटते, आणि कुणाचा अपमानही होत नाही.

मुले शेजाऱ्याचे बघून फुली मारतात. ओळीने बसवण्याऐवजी भिंतीकडे तोंड करून बसवावे.

"मारत नाहीत, हळूच लागतं" हे वाक्य जवळपास प्रत्येक शाळेत आले. हळू लागणे वेगळे मोजायचे नाही. चित्र दिसले की फुली.

दहापेक्षा कमी मुले असलेल्या इयत्तेचा आकडा स्वतंत्र काढायचा नाही, जवळच्या इयत्तेत मिळवायचा. नाहीतर मुख्याध्यापकाला पाच मिनिटांत कळते की बोलले कोण.

१९ जुलै

आवणी (भाताची लावणी) सुरू आहे, पालक दिवसभर शेतात. पालकसभा रात्री साडेआठला पाड्यावर घेतली. शाळेत बोलावले असते तर कुणी आले नसते. सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेले वाक्य: "मारा गुरुजी, पण शिकवा." पालक हे मनापासून म्हणतात. मुलगा शिकला नाही तर पुढे वीटभट्टी आहे, हे त्यांना दिसते. त्यांना मार नको हे पटवण्याआधी मुलगा वाचायला लागेल याची खात्री हवी असते. म्हणून सभेत कायदा नंतर. आधी त्यांच्याच मुलांकडून एक-एक ओळ वाचून घेतली, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शाळा काय करणार ते शिक्षकांनीच सांगितले.

पालकाने लेखी दिले की "मारायला माझी हरकत नाही", तरी कलम १७ बाजूला होत नाही. हे एका वाक्यात सांगून पुढे गेलो.

२७ जुलै

केंद्राची शिक्षण परिषद (केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची बैठक), त्यात ९० मिनिटे मिळाली. कायद्याने सुरुवात केली की शिक्षक हात बांधून बसतात आणि शेवटपर्यंत तसेच बसतात. म्हणून पहिला तास कागदाचा: प्रत्येकाने आपल्या दिवसाचे वेळापत्रक काढायचे आणि हात कुठल्या वेळी उचलला जातो तिथे खूण करायची. नाव टाकायचे नाही.

खुणा विखुरलेल्या नव्हत्या, चार ठिकाणी दाट होत्या.

एक, परिपाठानंतरची पहिली पंधरा मिनिटे: उशिरा येणारे आणि गृहपाठ न केलेले. पावसात नाल्याला पाणी असते, वरच्या पाड्यावरची मुले वळसा घालून येतात. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला अंगणवाडीत सोडून येते. उशिराची शिक्षा या मुलीला होते, आणि ती देणाऱ्याला कारण माहीत नसते. उपाय: परिपाठाची हजेरी बंद, हजेरी अर्ध्या तासाने. उशिरा आलेल्याने मागच्या दाराने येऊन बसायचे, कारण दुपारी विचारायचे. गृहपाठाची तपासणी सकाळी करायची नाही. शाळेतच शेवटची वीस मिनिटे गृहपाठ सुरू करून द्यायचा, घरी उरलेला पूर्ण होतो.

दोन, एका इयत्तेला शिकवताना दुसरीचा गोंगाट. हे बहुवर्गाचे दुखणे आहे आणि बोलण्याने जात नाही. दुसऱ्या इयत्तेच्या हाताला वीस मिनिटांचे काम आधीच हवे: शब्दपट्ट्या, मण्यांची माळ, चित्रवाचन. तीन संच पुरत नाहीत, किमान पाच लागतात, कारण मुले तेच काम दोनदा करायला कंटाळतात आणि गोंगाट परत येतो. शांततेची खूण एकच ठरवायची (हात वर, बोलणे बंद), आणि ती पहिले दोन आठवडे मुद्दाम खेळ म्हणून घ्यायची. खूण दिल्यावर शिक्षकाने स्वतः बोलणे थांबवले नाही तर ती आठवडाभरात मरते.

तीन, जेवणानंतरचा तास. चार, बैठक, प्रशिक्षण किंवा सर्वेक्षणासाठी दुसरा शिक्षक बाहेर असलेला दिवस. या चौथ्याचा उपाय शाळेच्या हातात नाही, म्हणून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवला: एका शाळेतील दोन्ही शिक्षक एकाच दिवशी बाहेर बोलावू नयेत आणि एकटा राहणार असेल त्या दिवशी कार्यालयाने नवी माहिती मागवू नये.

उरलेली तीस मिनिटे "मग करायचं काय?" या प्रश्नाला. मारामारी केलेल्या दोन मुलांना घेऊन काय करायचे ते शिक्षकांनी आपसांत करून पाहिले. चार प्रश्न, बाजूला नेऊन, हळू आवाजात: काय झाले, कुणाला लागले, आता दुरुस्त कसे करशील, मी काय मदत करू. "का केलेस" हा प्रश्न मुद्दाम काढला. त्याला मूल गप्प बसते किंवा खोटे सांगते, आणि दोन्हींवर शिक्षकाचा राग वाढतो.

५ ऑगस्ट

तक्रार पेटीची जागा आणि बांधणी. पेट्या बहुतेक शाळांत आहेत, रिकाम्या आहेत. कारण पाहिले: पेटी कार्यालयाच्या दाराशी, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

नवी रचना: पत्र्याची पेटी, ३० × २० × १५ सेंमी. फट १२ सेंमी लांब, १ सेंमी रुंद. आत तिरका पत्रा, म्हणजे बोटे घालून चिठ्ठी काढता येत नाही. दोन कुलपे, एक किल्ली अंगणवाडी सेविकेकडे, दुसरी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आईकडे. उंची जमिनीपासून ९० सेंमी, पहिलीच्या मुलाचा हात पोचतो. जागा: हात धुण्याच्या नळाजवळ, छपराखाली. तिथे प्रत्येक मूल दिवसातून दोनदा जाते, त्यामुळे तिकडे जाणे संशयास्पद वाटत नाही. कॅमेऱ्याच्या टप्प्यात पेटी नको. बिजागऱ्या पावसाळ्यात गंजतात, तेल द्यायचे. चिठ्ठीसोबत पेन नाही, पेन्सिल ठेवायची. ओल लागली की शाई पसरते.

सर्वांत महत्त्वाचे: महिन्यातल्या एका ठरलेल्या शुक्रवारी प्रत्येक मूल पेटीत एक चिठ्ठी टाकते. काही सांगायचे नसेल तर कोरी. सगळेच टाकतात म्हटल्यावर कुणी टाकली हा प्रश्नच उरत नाही. हे केले नाही तर बाकीची सगळी रचना वाया जाते.

खर्च: ४२० मुले, आठ महिने, ३,३६० चिठ्ठ्या, एका कागदात चार, म्हणजे ८४० कागद, दोन रिमे. छपाई आणि सात पेट्या ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून. ग्रामसभेचा ठराव जोडला की हा खर्च अडत नाही.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. ठरावाचा मजकूर छोटा ठेवला: गावातील शाळा व अंगणवाडीत कोणत्याही मुलाला मारले किंवा अपमानित केले जाणार नाही, तक्रार ग्राम बाल संरक्षण समितीकडे येईल, अशा तक्रारीत गावपातळीवर पैसे किंवा जेवण घेऊन तडजोड केली जाणार नाही. शेवटच्या वाक्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तेच सर्वांत गरजेचे होते. तडजोड झाली की मुलाला कळते की आपल्या अंगावरच्या वळाची किंमत ठरली आणि ती आपल्याला विचारून ठरली नाही.

२४ ऑगस्ट

बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ तारखेला राज्य शासनाचे शाळांतील सुरक्षेबाबत आदेश आले. पेट्या पुन्हा दिसू लागल्या, पण वरून तपासणी येणार म्हणून. तपासणीत "पेटी आहे / नाही" एवढेच बघतात. आम्ही त्या तक्त्यात स्वतःसाठी तीन रकाने वाढवले: शेवटची कधी उघडली, किल्ली कुणाकडे, मुलांना उत्तर कधी दिले.

६ सप्टेंबर

पहिली पेटी उघडली. उघडताना हजर: सेविका, आई-प्रतिनिधी, पोलीस पाटील. मुख्याध्यापक ग्राम बाल संरक्षण समितीवर असले तरी आपल्याच शाळेची चिठ्ठी निघते तेव्हा बाहेर थांबतात. हे आधीच लेखी ठरले होते म्हणून ओढाताण झाली नाही.

चिठ्ठ्यांची वाटणी अशी:

वळ, सूज, जखम, कोंडून ठेवणे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, किंवा तक्रारीनंतर पुन्हा मार: त्याच दिवशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व नोंद, पालकांना कळवणे, १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) वर फोन, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समितीला लेखी. पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशीच बोलायचे.

लैंगिक स्वरूपाचे काहीही: समितीने चौकशी करायचीच नाही. पोक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार थेट पोलिसांना. माहिती असून न देणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला शिक्षा जास्त आहे. "आधी खात्री करू" म्हणून दोन दिवस घालवणे हाच सर्वांत मोठा धोका.

बाकी मार व अपमान: सात दिवसांत मुख्याध्यापक व शिक्षकाशी बैठक, लेखी नोंद, सुधारणेचा आराखडा. पुन्हा घडल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे.

मूल आणि शिक्षक यांना समोरासमोर उभे करायचे नाही. "सांग, सरांनी मारलं का?" असे दहा जणांत विचारले की मूल "नाही" म्हणते, आणि ती नोंद पुढे शिक्षकाच्या बचावात लागते. मुलाकडून हकिगत एकदाच, एकाच व्यक्तीने, त्याच्या बोलीत ऐकायची. वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत लिहून दे म्हणणे म्हणजे तक्रार न घेणेच.

९ सप्टेंबर

फळ्यावर उत्तर लावले: आलेल्या विषयांची नावे आणि त्यावर केलेला बदल. मुलांची, शिक्षकांची नावे नाहीत. उत्तर सोमवारीच लागले पाहिजे. महिनाभर उत्तर न दिसल्यास पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या निघतात, आणि कोऱ्या चिठ्ठ्यांना "तक्रार नाही" समजण्याची चूक अहवालात होते.

१८ ऑक्टोबर

निवडणुकीची आचारसंहिता सुरू. शिक्षकांची प्रशिक्षणे, दोन्ही शिक्षकांच्या सगळ्या इयत्ता एकाकडे. २७ जुलैच्या कागदावरची चौथी खूण. एकट्या शिक्षकाच्या दिवसासाठी केंद्रात साधा संच ठेवला: वाचनाची पुस्तके, गटकामाच्या पट्ट्या, मैदानावरचे दोन खेळ. त्या दिवशी नवा धडा शिकवायचा नाही, असे केंद्रप्रमुखांनीच सांगितले, त्यामुळे शिक्षकांवरचा अभ्यासक्रमाचा ताण उतरला.

२९ नोव्हेंबर

२० नोव्हेंबर हा बालहक्कांचा दिवस (१९८९ मध्ये त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली, भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली), पण यंदा त्या दिवशी मतदान आणि शाळा म्हणजे मतदान केंद्र. म्हणून बालसभा आज. मुलांनी वर्गाचे नियम स्वतः केले. नियमांत "मारू नये" हे मुलांनी मुलांसाठीही घातले. एका शाळेत दहा नियम निघाले. तीनवर आणले, कारण तीनपेक्षा जास्त नियम पहिलीला लक्षात राहत नाहीत.

दिवाळीनंतर काही कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेली. ही मुले परत येतात तेव्हा मागे पडलेली असतात आणि सर्वांत आधी मार त्यांनाच बसतो. त्यांची यादी आताच करून शिक्षकांकडे दिली. परतल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांना प्रश्न विचारून उभे करायचे नाही.

१३ डिसेंबर

छडी दिसेनाशी झाली तसे बोलणे वाढले. चिठ्ठ्यांवर आता "सगळ्यांसमोर हसणे" आणि "वर्गाबाहेर उभे" यांच्या फुल्या जास्त. हे होणारच होते: हात थांबला, पण हात उचलायला लावणारी अडचण तशीच राहिली. प्रकल्प इथे संपला असे समजले तर मुलाच्या दृष्टीने काहीच सुटलेले नाही. अंगावरचा वळ आठ दिवसांत जातो. "ढ" हे नाव चौथीपासून सातवीपर्यंत टिकते.

दुसरा प्रकार त्याहून अवघड: तक्रारीनंतर शिक्षक त्या मुलाकडे बघणेच सोडतो. वही तपासत नाही, प्रश्न विचारत नाही. "आता हात बांधले, आम्ही काही बोलणार नाही." हाही छळच आहे. म्हणून प्रत्येक तक्रारीनंतर सातव्या आणि तिसाव्या दिवशी मुलाची वही पाहायची. वहीतल्या सह्यांच्या तारखा खोटे बोलत नाहीत.

१८ जानेवारी २०२५

अर्जांतल्या कायदेशीर चुका एकत्र केल्या, कारण चुकीच्या कलमामुळे खरी तक्रार परत येते.

बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ८२ अनेक छापील नमुन्यांत दिसते. ते बाल संगोपन संस्थांतील शारीरिक शिक्षेबद्दल आहे. साध्या शाळेला लागत नाही. शाळेसाठी कलम ७५: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेली क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय दंड संहितेचे कलम ३२३ लिहायचे नाही. भारतीय न्याय संहितेचे ११५(२). "चांगल्या हेतूने केले" हा बचाव जुन्या ८८ आणि ८९ कलमांवर होता, आता २६ आणि २७. शाळेतल्या शिक्षेचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला तेव्हा १ डिसेंबर २००० रोजी न्यायालयाने तिथल्या नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूदच रद्द केली.

कलम १७ सहा ते चौदा वयोगटापुरते. नववी-दहावीसाठी आणि शिक्षण हक्क कायदा लागू नसलेल्या अल्पसंख्याक शाळांसाठी कलम ७५ व न्याय संहिता यांवर अर्ज बांधायचा. जातीवरून चारचौघांत अपमान असल्यास अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकावर कारवाई १९६४ च्या शिस्त व अपील नियमांनुसार. खासगी शाळेत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार. गावाने "बदली करा" एवढेच मागू नये. बदली झाली की तोच हात दुसऱ्या पाड्यावरच्या मुलांवर पडतो. चौकशी मागायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाला लेखी तक्रार दिल्यास तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. अर्जाची पोच, तारीख व शिक्क्यासह, घेतल्याशिवाय कार्यालयातून निघायचे नाही. तीन महिने त्या शिक्क्यापासून मोजले जातात.

२२ मार्च

दुसरी फेरी, तीच चित्रे, तोच कालावधी. छडीच्या फुल्या सर्व शाळांत कमी. अंगठे धरणे दोन शाळांत तसेच आहे. तिथे शिक्षक त्याला शिक्षा मानत नाहीत, "व्यायाम" म्हणतात. वर्गप्रमुखाचा मार सातवीपर्यंतच्या दोन्ही शाळांत टिकून आहे. वर्गप्रमुखपद आठवड्याला फिरते केले आणि नावे फळ्यावर लिहिण्याचे काम त्याच्याकडून काढले. नावे लिहिण्याच्या अधिकारातूनच मार सुरू होत होता.

जिथे बहुवर्गासाठी पाच संच पूर्ण झाले त्या शाळांत घट स्पष्ट आहे. जिथे फक्त फलक आणि शपथ झाली तिथे ती पुसट आहे.

२६ एप्रिल

हस्तांतर. रजिस्टर, किल्ल्या व सर्वेक्षणाच्या चिठ्ठ्या ग्राम बाल संरक्षण समितीच्या सचिवांकडे. मुलांची ओळख पटेल अशा नोंदी वेगळ्या बंद पाकिटात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ती ओळख उघड करता येत नाही, म्हणून शाळेच्या दप्तरात त्या जाणार नाहीत.

जूनसाठी राहिलेली कामे: दोन द्विशिक्षकी शाळांत शब्दपट्ट्यांचे संच अजून तीनच आहेत, बाकीचे मे महिन्यात करून घ्यायचे. बदलीने येणाऱ्या शिक्षकांसाठी शिक्षण परिषदेत ९० मिनिटांचे सत्र पहिल्याच महिन्यात, जुलैपर्यंत थांबायचे नाही. अंगठे धरण्याच्या दोन शाळांत केंद्रप्रमुखांची भेट परिपाठानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत. पेटीच्या बिजागऱ्या पावसाआधी बदलायच्या. दोन रिमे कागद आताच मागवला आहे.